पहिला सुपरमॅन उडत नव्हता

सुपरमॅनला सुरुवातीला उडता येत नव्हतं.

जून १९३८ची तारीख असलेला 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक काढून पाहा. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांनी त्यात आपल्या नायकाच्या शक्तींची यादी दिली आहे. एका उडीत मैलाचा आठवा हिस्सा, म्हणजे दोनशे मीटर. वीस मजली इमारत ओलांडणं. प्रचंड वजनं उचलणं. एक्स्प्रेस गाडीला मागे टाकणं. आणि कातडी अशी की तोफेचा गोळा अंगावर फुटला तरच काय इजा होईल ती होईल. यादी संपली. ढगांतली भरारी नाही की डोळ्यांतले किरण नाहीत.

तो उडायला शिकला रेडिओवर आणि पडद्यावर. १९४१मध्ये फ्लायशर बंधूंनी त्याचे कार्टूनपट काढले. हलत्या चित्रात टुणटुण उड्या मारणारा महाबली हास्यास्पद दिसू लागला म्हणून त्याला सरळ हवेत सोडला, असं सांगतात. ज्या हिरव्या दगडापुढे तो लुळा पडतो तो क्रिप्टोनाइट १९४३मध्ये रेडिओवरच्या मालिकेत आला आणि कॉमिक्समध्ये पोचायला त्याला १९४९ उजाडलं. 'डेली प्लॅनेट'चा संपादक पेरी व्हाइट हाही रेडिओचाच. छातीवरचं 'एस' हे क्रिप्टन या त्याच्या मूळ ग्रहावरच्या घराण्याचं चिन्ह आहे, ही कल्पना १९७८च्या चित्रपटाची.

त्या पहिल्या अंकातला सुपरमॅन करतो तरी काय? बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर आपटतो. सिनेटरला खिशात घालू पाहणाऱ्या दलालाला उचलतो आणि तारांवरून धावत त्याची बोबडी वळवतो. पुढच्या काही महिन्यांत तो एका खाणमालकाला त्याच्याच खाणीत अडकवून ठेवतो आणि सरकारने नवी घरं बांधावीत म्हणून गलिच्छ चाळी स्वतः पाडून टाकतो. महामंदीतून वर येणाऱ्या अमेरिकेचा हा नायक, गरिबांच्या बाजूने दांडगाई करणारा. आज एखाद्या दिग्दर्शकाने तो तस्साच पडद्यावर आणला तर 'कॉमिक्सची पार वाट लावली' म्हणून पहिली ओरड तेच करतील, जे एरवी मूळ कॉमिक्सशी इमान राखा म्हणून घसा फोडत असतात.

दर नव्या सुपरहिरोपटानंतर हे भांडण उकरून निघतं. पोशाखाचा रंग चुकला, खलनायकाचा हेतू बदलला, अमुक पात्र गोरं होतं ते काळं केलं. एका बाजूला मूळ संहितेचे रखवालदार, दुसऱ्या बाजूला 'सिनेमा वेगळं माध्यम आहे हो' म्हणत हात झटकणारे. मला दोघांचंही पटत नाही. रखवालदारांचं नाही, कारण ज्या मुळाची ते राखण करतात ते एका जागी कधी नव्हतंच. आणि हात झटकणाऱ्यांचं नाही, कारण त्या वाक्याआड पुष्कळदा नुसता आळस दडलेला असतो, नाहीतर धंदा.

बॅटमनचा इतिहास काही वेगळा नाही. १९३९च्या सुरुवातीच्या गोष्टींत त्याच्या हाती पिस्तूल दिसतं आणि कोणी मेलं तर त्याला फारसं काही वाटत नाही. 'बॅटमन जीव घेत नाही' हा नियम संपादकांनी नंतर घातला. त्याची गुहा आली १९४३च्या, भागाभागाने दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटमालिकेतून. त्यातल्या शिडशिडीत नटाला पाहून कॉमिक्समधला बॅटमनचा गुबगुबीत नोकर आल्फ्रेडही बारीक झाला. खलनायक जोकरची साथीदार हार्ली क्विन तर १९९२मध्ये टीव्हीवरच्या कार्टून मालिकेसाठी जन्मली. कॉमिक्समध्ये ती पाहुणी म्हणून शिरली आणि घरची होऊन बसली. कागद आणि पडदा यांच्यातली ही उसनवारी ऐंशी वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि कोणी कुणाचं किती देणं लागतं याची वही कोणी ठेवलेली नाही.

आपल्याला तरी याचं नवल वाटायला नको. माझ्या पिढीने वेताळ वाचला तो इंद्रजाल कॉमिक्समधून. टाइम्स गटाने १९६४मध्ये ती सुरू केली आणि त्यांचे मराठी अंकही निघत. मी ते रद्दीच्या दुकानातून भाड्याने आणायचो, कोपरे दुमडलेले, मधलं पान हमखास गायब. ली फॉकच्या 'फँटम'ला मराठीत वेताळ म्हणावं हे ज्याला सुचलं त्याचं मला अजून कौतुक वाटतं. कुठे वेशीबाहेरच्या शेंदूर फासलेल्या दगडात राहणारा, अमावास्येला पालखी काढणारा भुतांचा सरदार, आणि कुठे हा घट्ट कपड्यांतला गोरा साहेब! पण नाव असं बसलं की आम्हाला दुसरं काही सुचेना. त्याचा देश मूळ चित्रपट्टीत बंगाला. इंद्रजालवाल्यांनी त्याचा डेंकाली केला. आज कुठे 'बंगाला' वाचलं की मलाच ते भाषांतरकाराने चुकवल्यासारखं वाटतं.

आणि पोशाखाचा रंग? फॉकच्या मनात तो करडा होता. १९३९मध्ये रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली तेव्हा छापून आला जांभळा. स्वीडनमध्ये तो निळा झाला, इटलीत लाल. म्हणजे ज्या जांभळ्या रंगासाठी आम्ही भांडलो असतो तो एका छापखान्याने ठरवलेला. छापखान्यातला अपघात पन्नास वर्षं टिकला की त्याची श्रद्धा होते.

मग काहीच धरून ठेवायचं नाही का? ठेवायचं. काय ते सांगण्याआधी एका अतिइमानदार चित्रपटाकडे वळतो.

अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं 'वॉचमेन' १९८६-८७मध्ये बारा अंकांत आलं. बहुतेक पानं नऊ सारख्या चौकटींची, तीन ओळी, ओळीत तीन. त्या जाळीचं काम काय हे चौथ्या अंकात कळतं. निळ्या कातडीचा डॉ. मॅनहॅटन मंगळावर एकटा एक जुना फोटो हातात धरून उभा आहे. त्याच्यासाठी काल, आज आणि उद्या वेगळे नाहीत. फोटो हातात आहे, बारा सेकंदांनी तो वाळूत टाकणार आहे, आणि त्याच्या लेखी तो आत्ताच तिथे पडलेला आहे. कॉमिक्सचं पान नेमकं असंच असतं. नऊ क्षण एकाच कागदावर शेजारी शेजारी पडलेले असतात. तुम्ही तिसऱ्या चौकटीत असताना डोळ्याच्या कोपऱ्यात नववी दिसतच असते. वाचता वाचता आपणच मॅनहॅटन होतो. पाचवा अंक तर आरशासारखा रचला आहे. पहिल्या पानाचं प्रतिबिंब शेवटच्या पानावर, दुसऱ्याचं शेवटून दुसऱ्यावर, आणि मधोमध एक मोठं जोडपान. हे कळायला बोट ठेवून मागेपुढे पानं उलटावी लागतात. चित्रपटगृहात घड्याळ दिग्दर्शकाच्या हातात असतं, आपल्या नाही.

झॅक स्नायडरने २००९मध्ये त्याचा चित्रपट केला तो चौकटी समोर ठेवूनच. कित्येक दृश्यांत गिबन्सचं चित्र तसंच्या तसं उभं केलेलं आहे, प्रकाशासकट. चाहते तरीही भांडले, ते शेवटावरून. कॉमिक्समध्ये न्यूयॉर्कवर प्रयोगशाळेत घडवलेला एक अजस्र, लांब सोंडांचा जीव येऊन कोसळतो, तर चित्रपटात संहाराचं खापर मॅनहॅटनवर फोडलं जातं. मला तो बदल मुळीच टोचला नाही. जो कथेत आधीपासून आहे त्याच्याच माथी आळ येणं सुटसुटीत वाटलं. टोचलं ते जिथे काहीच बदललेलं दिसत नाही तिथे. गल्लीतली मारामारी घ्या. कॉमिक्समध्ये मुखवटे कधीच खुंटीला टांगलेले डॅन आणि लॉरी रात्री चाललेत, टोळकं आडवं येतं. मारामारीच्या चौकटी मॅनहॅटनच्या टीव्ही मुलाखतीच्या चौकटींमध्ये मिसळलेल्या आहेत, आणि अखेरीस दोघं धापा टाकत उभे असतात, जरासे ओशाळलेले. चित्रपटात गल्ली तीच, टोळकं तेच, पण हाडं मोडून कातडीबाहेर येतात आणि कॅमेरा ती चवीने पाहतो. मुखवटे चढवून लोकांना बडवणाऱ्यांत आपल्याला एवढं काय आवडतं, हे मूर आणि गिबन्स विचारत होते. स्नायडर म्हणतो, बघा किती सुंदर बडवतात. चौकटी सगळ्या जागच्या जागी आणि पुस्तक मात्र उलटं टांगलेलं.

दहा वर्षांनी, २०१९मध्ये, डेमन लिंडेलॉफने एचबीओसाठी याच नावाची नऊ भागांची मालिका केली. तिने पुस्तकाची गोष्ट पुन्हा सांगितलीच नाही. ती सुरू होते १९२१च्या टल्सामध्ये. ओक्लाहोमातल्या या शहरात गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही काळ्या लोकांची भरभराटीची वस्ती खरोखरच जाळून टाकली होती. पुस्तकात अगदी पहिला मुखवटाधारी होता हूडेड जस्टिस. डोक्यावर बुरखा, गळ्यात फासाचा दोर, आणि खरा चेहरा शेवटपर्यंत नक्की होत नाही. गोराच असणार असं सगळे धरून चालतात. मालिका सांगते, तो काळा पोलीस होता. गळ्यातला दोर शोभेचा नव्हता. त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला झाडाला लटकवून, मरायच्या आत खाली उतरवलं होतं. हे पाहिल्यावर मी पुस्तक पुन्हा काढलं आणि त्या बुरख्याची चित्रं वेगळ्या नजरेने पाहिली. रूपांतराने मूळ कलाकृतीला याहून मोठी दाद द्यायची असेल तर ती कशी देतात मला ठाऊक नाही. मूरला स्वतःला मात्र ही मालिकाही नको होती. चित्रपटातूनही त्याने आपलं नाव काढायला लावलं होतं, तिथे श्रेय एकट्या गिबन्सला आहे. मूरचा राग मला कळतो, पण तो चौकटींबद्दलचा नाही. त्याकडे येतोच.

'कॉमिक्समध्ये होतंच की' हा युक्तिवाद किती वकिली असतो ते २०१३च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये दिसलं. शेवटी सुपरमॅन झॉड या क्रिप्टनच्याच खलनायकाची मान मोडतो. लोक खवळले, तर समर्थकांनी जुना अंक पुढे केला. १९८८मध्ये जॉन बर्नच्या गोष्टीत सुपरमॅनने क्रिप्टनच्या तीन गुन्हेगारांना, त्यांत झॉडलाही, क्रिप्टोनाइटने ठार केलं होतं. पुरावा बिनतोड. पण पुढच्या अंकांत काय झालं ते कोणी सांगत नाही. त्या कृत्याच्या ओझ्याखाली त्याचं मन दुभंगतं. स्वतःच्याही नकळत तो दुसराच मुखवटा चढवून रात्री हिंडू लागतो. हे कळल्यावर, आपण इथे राहणं लोकांना धोक्याचं आहे म्हणून तो पृथ्वी सोडून अवकाशात निघून जातो. कितीतरी महिने अंकामागून अंक त्या एका कृत्याचा हिशेब चुकवत राहतात. चित्रपटात तो एक किंकाळी फोडतो, प्रेयसी लॉइसच्या कुशीत शिरतो आणि लगेच सैन्याचा ड्रोन पाडून सेनाधिकाऱ्याशी मिश्कील गप्पा मारतो. घटना उचलली, तिची किंमत तिथेच ठेवून दिली.

मी जे धरून ठेवा म्हणतो ते हे. पात्राने काय घातलं होतं, कोण कोणाचा भाऊ होता, कुठल्या अंकात कोण मेलं, हे बदला खुशाल. पण गोष्टीने जो प्रश्न विचारला आणि त्याच्या उत्तरासाठी पात्राला जे भोगायला लावलं, ते भोगणं पडद्यावर यायला हवं.

मार्व्हल कंपनीच्या कॉमिक्समधला महाखलनायक थॅनोस घ्या. जिम स्टारलिनच्या १९९१च्या कथेत तो अर्धं विश्व पुसून टाकतो ते मृत्यूला खूश करण्यासाठी. तिथे मृत्यू ही बाई आहे आणि ती त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. सगळ्या विश्वाचा मालक झालेला हा राक्षस प्रेमात नाकारलेल्या पोरासारखा केविलवाणा होऊन बसतो. २०१८च्या चित्रपटात त्याचा हेतू 'सुधारला'. संसाधनं कमी, तोंडं फार, म्हणून निम्मी तोंडं कमी करायची. अर्थशास्त्रज्ञ मॅल्थसचं जुनं गणित. परिणाम काय, तर चित्रपटगृहाच्या जिन्यावरून उतरताना माझ्या पुढचे दोन इंजिनीअर शांतपणे म्हणत होते, 'पण त्याचं म्हणणं लॉजिकल होतं यार.' स्टारलिनचा थॅनोस वाचून असं कोणी म्हणू शकलं नसतं. वेड्याला विचारवंत केलं की तो जास्त खरा वाटतो, पण त्यात मूळ गोष्टीचं शहाणपण गेलं.

उलट 'आयर्न मॅन ३'ने मँडरिन या जुन्या खलनायकाची जी फजिती केली त्याबद्दल चाहत्यांनी आकाशपाताळ एक केलं आणि मी टाळ्या पिटल्या. १९६४मधला मँडरिन म्हणजे लांब नखांचा, कारस्थानी पिवळा राक्षस. गोऱ्यांच्या मनातल्या पूर्वेच्या भीतीचं चित्र. चित्रपटाने दाखवलं की हा भयंकर दहशतवादी मुळात भाड्याने आणलेला दारुडा नट आहे, ज्यांना भीती विकायची आहे त्यांनी उभा केलेला. काही वारसे मोडीत काढणं हाच त्यांचा उचित सन्मान असतो. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

स्पायडर-मॅनपाशी मात्र थांबायचंय, कारण त्यात आपला पत्ता आहे.

ऑगस्ट १९६२च्या 'अमेझिंग फँटसी'च्या १५व्या अंकात स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी पीटर पार्करला किरणोत्सारी कोळी चाववला, तो विज्ञानाच्या एका प्रात्यक्षिकात. अणुयुगाचं कुतूहल आणि अणुयुगाची धास्ती, दोन्ही त्या एका डंखात आहेत. २००४मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी भारतीय स्पायडर-मॅनचे चार अंक काढले. पीटर पार्करचा झाला पवित्र प्रभाकर, बेनकाकाचा भीमकाका, मेकाकीची मायाकाकी, मेरी जेनची मीरा जैन, नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय. एकेक नातेवाईक मोजून घ्यावा इतकं इमान. गावाकडून मुंबईला आलेला हा पोरगा जाळीदार सदऱ्याखाली धोतर नेसतो. आणि शक्ती कोण देतं? एक योगी.

हेतू चांगला होता याबद्दल शंका नाही. पण अमेरिकेतल्या पोराला विज्ञान चावतं आणि आपल्या पोराला साधू भेटतो, हे वाचून मी तेव्हाही कपाळावर हात मारला होता. बरं, गोष्ट घडते कुठे? मुंबईत! इथे तुर्भ्याला 'अप्सरा' ही भारताची पहिली अणुभट्टी ऑगस्ट १९५६मध्ये सुरू झाली, म्हणजे पीटर पार्करला कोळी चावण्याच्या सहा वर्षं आधी. इथे अणुशक्तीनगर नावाचं अख्खं उपनगर आहे. तिथल्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या पवित्र प्रभाकरच्या मानेवर एखादा कोळी उतरला असता तर गोष्ट आपलीही झाली असती आणि ली-डिट्कोंचीही राहिली असती. धोतर आलं, काका आले, काकी आल्या, नेमका कोळी हरवला.

हाच पवित्र १९ वर्षांनी 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मध्ये पुन्हा भेटतो. दाट केस, तोंडाचा पट्टा चालू, स्वतःवर जाम खूश. त्याचं शहर मुंबॅटन, मुंबई आणि मॅनहॅटन यांची खिचडी. शहर दाखवताना तो सांगतो, हा इथला ट्रॅफिक, हा तिथला ट्रॅफिक, आणि इंग्रजांनी आमच्या वस्तू पळवल्या ती ही जागा. 'चाय टी' म्हणणाऱ्या माइल्सला, म्हणजे चित्रपटाच्या नायकाला, तो झापतो, की चाय म्हणजेच टी. भारतात हा चित्रपट मराठीसह १० भाषांत आला. आणि मुंबॅटनची रंगसंगती घेतली आहे ती इंद्रजाल कॉमिक्सवरून. पडद्यावर तो भडक गुलाबी आणि पिवळा रंग पाहिला तेव्हा मला रद्दीच्या दुकानाचा वास आला. चार अंकांचं मूळ बरंचसं बाजूला ठेवून चित्रपटवाले त्याच्या मागच्या एका जुन्या मुळापाशी पोचले होते, बहुधा अमेरिकेतल्या कोणालाही माहीत नसलेल्या.

याच चित्रपटाचा खरा विषय रूपांतरातलं इमान हा आहे, असं मला वाटतं. मिगेल ओ'हारा नावाचा भविष्यातला स्पायडर-मॅन सगळ्या विश्वांवर पहारा ठेवतो. त्याच्या मते प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही घटना घडल्याच पाहिजेत. जवळचा एक पोलीस कप्तान मेलाच पाहिजे, जसा १९७०च्या अंकात कॅप्टन स्टेसी मेला होता. माइल्स मोरालेस मुंबॅटनमध्ये इन्स्पेक्टर सिंगचा जीव वाचवतो आणि शहराला भगदाड पडतं. मिगेल म्हणतो, बघ, तू नियम मोडलास. पुढचा कप्तान माइल्सचा बाप आहे आणि त्याला मरू द्यायचं आहे, का, तर गोष्ट अशीच असते म्हणून. माइल्स म्हणतो, मी माझं बघतो. 'मूळ कॉमिक्समध्ये असंच होतं' हे वाक्य खलनायकाच्या तोंडी घालण्याचं धाडस मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. त्यात माइल्स स्वतःच नियमबाह्य. २०११मध्ये ब्रायन मायकल बेंडिस आणि सारा पिचेली यांनी या काळ्या-पोर्तो रिकन पोराला मुखवटा दिला तेव्हा 'हा आमचा स्पायडर-मॅन नव्हे' म्हणून गहजब झाला होता. माझ्या भाचीला माइल्स आधी भेटला आणि पीटर नंतर. तिच्या हिशेबाने पीटर हाच बदल आहे.

ज्या वाक्याची मिगेलचे भाऊबंद शपथ घेतात त्याची तरी गंमत बघा. मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारी येते, हे बेनकाका सांगतात असं आपण सगळे धरून चालतो. १९६२च्या अंकात बेनकाका असं काही म्हणत नाहीत. ते शेवटच्या चौकटीतलं निवेदन आहे, लेखकाच्या आवाजातलं. काकांच्या तोंडी ते अनेकांनी ऐकलं ते २००२च्या चित्रपटात.

याच माइल्सच्या पहिल्या चित्रपटाने, २०१८मध्ये, कॉमिक्सला जो मान दिला तो मला पोशाखांच्या नकलांपेक्षा कितीतरी खरा वाटतो. पडद्यावर जुन्या छपाईचे ठिपके आहेत. लांबच्या वस्तू नेहमीसारख्या धूसर न करता त्यांचे रंग रेषेबाहेर सरकवले आहेत, स्वस्त कागदावर ठसे हुकायचे तसे. वेताळ ज्या प्रकारच्या छपाईत जांभळा झाला तिचे दोष इथे मुद्दाम, प्रेमाने काढलेले. माध्यमाचं व्यंग कोणी इतक्या जिव्हाळ्याने जपलेलं मी पाहिलं नव्हतं.

पण ही सगळी चर्चा कागद आणि पडद्याची झाली. कागदामागच्या माणसांचं काय? मूरचा राग इथला आहे.

सीगल आणि शुस्टरना सुपरमॅनच्या हक्कांचे मिळाले १३० डॉलर, दोघांत मिळून. पुढची कित्येक वर्षं कोर्टकचेऱ्या आणि ओढग्रस्त. सुपरमॅनचा मोठा चित्रपट येऊ घातला होता तेव्हा, १९७५मध्ये, सीगलने जाहीरपणे तळतळाट व्यक्त केला, चित्रकारांनी आवाज उठवला, आणि कंपनीने दोघांना प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलर आणि नाव द्यायचं कबूल केलं. बॅटमनच्या जडणघडणीत ज्याचा निम्मा वाटा होता तो बिल फिंगर १९७४मध्ये गेला. त्याचं नाव, तोवर एकटाच बॅटमनचा जनक म्हणून मिरवणाऱ्या बॉब केनच्या शेजारी अधिकृतपणे लागायला २०१५ उजाडलं. मार्व्हलचे कित्येक नायक घडवणारा चित्रकार जॅक कर्बी याच्या मुलांना सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत जावं लागलं, तेव्हा २०१४मध्ये मार्व्हलने तडजोड केली. अमेरिकी कायद्यात कामावर ठेवून करवून घेतलेल्या कलाकृतीची लेखक कंपनीच ठरते, आणि या धंद्याचा पाया तोच आहे. स्टारलिनने २०१७मध्ये स्वतः लिहिलं होतं की 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'मधल्या एका किरकोळ रशियन गुंडासाठी त्याला आलेला चेक, त्यानेच घडवलेल्या थॅनोस, गमोरा आणि ड्रॅक्स या मार्व्हलच्या तिघांच्या एकत्र पैशांपेक्षा मोठा होता. थॅनोसच्या मोबदल्यावर पुन्हा बोलणी होऊन तो वाढला, पण तोपर्यंत थॅनोसची खेळणी जगभरच्या दुकानांत पोचली होती.

कंपन्या 'कॉमिक्सचा सन्मान' म्हणतात तेव्हा त्या जुन्या मुखपृष्ठासारखी उभं राहण्याची ढब दाखवतात, पार्श्वभूमीला एखाद्या चित्रकाराच्या नावाची पाटी लावतात, आणि चाहता ती ओळखून खूश होतो. माझं भांडण त्या खुशीशी नाही, मीही खूश होतो. पण एखाद्या नायकाचा जुना पिवळा पोशाख पडद्यावर परत आला म्हणून जल्लोष करणाऱ्या आपण लोकांनी, तो पोशाख कुणी आखला आणि त्याला काय मिळालं हे विचारायला एवढी वर्षं का लावली? इमानाच्या नावाने एवढी भांडणं झाली, त्यातलं एक तरी या पायी व्हायला हवं होतं.

मार्व्हलच्या चित्रपटांच्या शेवटी, श्रेयनामावलीत खूप खाली, ज्या लेखक-चित्रकारांच्या गोष्टींवर चित्रपट उभा आहे त्यांची विशेष आभारांची यादी येते. बारीक अक्षरांत, चार-पाच सेकंद. आमच्या इथल्या चित्रपटगृहात तोवर दिवे लागलेले असतात. लोक बसलेले असतात, पण अगदी शेवटचं छोटं दृश्य पाहण्यासाठी, आणि तोवर मोबाइल काढून मान खाली घातलेली असते. मी ती नावं वाचायचा प्रयत्न करतो. मागच्या वेळी स्टारलिनचं सापडलं आणि कर्बीचं शोधेपर्यंत झाडूवाला माझ्या रांगेत येऊन, पाय उचला म्हणत, सांडलेले पॉपकॉर्न गोळा करू लागला.